एकेका चौकटीचे गणित मांडणारे दादासाहेब

१९१२ च्या सुमारास मुंबईतील एका मध्यमवर्गीय घरात मातीच्या कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरण्यात आला आणि त्या कुंडीसमोर चलच्चित्राचा कॅमेरा रोखण्यात आला. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, कुंडीही हलवायची नाही आणि ठरावीक वेळाने फिल्मची एकच चौकट टिपायची, असा तो बेत होता. महिनाभर हा क्रम चालला. मग फिल्म धुऊन, छापून पडद्यावर सोडली तेव्हा दाणा फुगला, मातीतून अंकुर वर आला आणि पाहता पाहता त्याचा वेल झाला. महिन्याभराची वाढ मिनिटभरात उलगडली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही चित्रफीत धुंडिराज गोविंद फाळके यांनी तयार केली ती करमणुकीसाठी नव्हे. चित्रपटाच्या धंद्यात पैसे लावणाऱ्यांना हे यंत्र आपल्या हुकमतीत आले आहे, असे त्यांना दाखवून द्यायचे होते.

या प्रयोगाबद्दल दिवसाला एक चौकट टिपली गेली, असे सर्रास लिहिले जाते. हिशेब मात्र निराळा सांगतो. मूकपटाच्या काळात फिल्म सेकंदाला साधारण १६ चौकटी या वेगाने धावत असे. दिवसाला एक या मापाने महिनाभरात ३० चौकटी होतात आणि त्या पडद्यावर दोन सेकंदांतच संपतात. मिनिटभराच्या फितीसाठी सुमारे ९६० चौकटी लागतात. तीस दिवसांवर त्या वाटल्या तर रोजच्या ३२ होतात आणि उजेडाचे दहा-बारा तासच हाताशी असतील तर साधारण दर वीस मिनिटांनी एक. एक चौकट चुकली तर वेल पडद्यावर उडी मारतो. दोन टिपल्या गेल्या तर क्षणभर थबकतो. चूक झाली की नाही, हे फिल्म धुतल्याखेरीज कळण्याचा मार्ग नव्हता. महिन्याभराची राखण आणि निकाल अगदी शेवटी, असे ते काम होते.

दादासाहेब फाळके यांचे नाव घेतले की ‘राजा हरिश्चंद्र’, पौराणिक कथा आणि स्त्रीभूमिका करणारे पुरुष यांचीच आठवण निघते. ते योग्यही आहे. परंतु त्यांच्या कर्तृत्वाचा पाया एका साध्या यांत्रिक प्रश्नावर उभा होता आणि त्याकडे चरित्रकारांचे लक्ष थोडे कमीच गेले आहे. फिल्म पुढे कशी सरकवायची, किती सरकवायची आणि कुठे थांबवायची, हा तो प्रश्न. चलच्चित्राच्या कॅमेऱ्यात फिल्म सलग वाहत नाही. ती थांबत थांबत पुढे जाते. झडप उघडी असताना फिल्म स्थिर असावी लागते. झडप मिटली की एक आकडा फिल्मच्या कडेच्या छिद्रांत शिरून तिला नेमकी चार छिद्रे, म्हणजे एक चौकट, खाली ओढतो आणि मागे फिरतो. त्या काळी हे सगळे हाताच्या बळावर चाले. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी सरकत. सेकंदाला दोन फेरे एकसारखे घातले की १६ चौकटी होत. हात मंदावला तर पडद्यावरची माणसे धावत सुटत आणि हाताला घाई झाली तर ती रेंगाळत. एकच चौकट हवी असेल तर फेऱ्याच्या आठव्या हिश्शावर हात थांबवावा लागे किंवा अनेक कॅमेऱ्यांत त्यासाठी असलेल्या दुसऱ्या दांडीला हँडल लावावे लागे.

हेच काम पुढील काळात स्टेपर मोटर करू लागली. साधी मोटर वीज मिळताच गरगर फिरते, तर स्टेपर मोटर प्रत्येक संकेतासरशी ठरलेल्या अंशात एक पाऊल टाकते आणि तिथेच थांबते. अनेक मोटरींत एका फेऱ्यात अशी २०० पावले असतात, म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचे. मोडीत निघालेल्या प्रिंटरमधून किंवा फ्लॉपी ड्राइव्हमधून अशी मोटर सोडवून घ्यायची आणि संगणकाच्या पाठीमागील २५ पिनांच्या पॅरलल पोर्टला जोडायची, हा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा आणि हौशी कारागिरांचा एकेकाळी आवडता उद्योग होता. पोर्टमधून मिळणारा प्रवाह जेमतेम काही मिलिअँपिअरचा. त्याने मोटर हलत नाही आणि ती थेट जोडली तर पोर्टच जळण्याची भीती. म्हणून मध्ये ‘यूएलएन २००३’सारखी ट्रान्झिस्टरची चिप घालून मोटरला वेगळा वीजपुरवठा दिला जाई. संगणकाने आठ तारांपैकी चार तारा क्रमाक्रमाने चालू-बंद केल्या की मोटरच्या वेटोळ्यांत त्याच क्रमाने प्रवाह जातो आणि आस पावलापावलाने फिरतो. क्रम उलटा केला की मोटरही उलटी फिरते. नव्या संगणकांतून हे पोर्ट नाहीसे झाले आणि यूएसबीवर चालणारी छोटी सर्किट बोर्डे आली, तरी तत्त्व तेच राहिले. अशी मोटर कॅमेऱ्याच्या आसाला जोडली आणि दर वीस मिनिटांनी एक चौकट असा हुकूम संगणकाला दिला, तर वाटाण्याच्या कुंडीशेजारी कोणाला बसून राहावे लागले नसते. गंमत अशी की या मोटरचा दोषही फाळके यांच्या हातासारखाच आहे. भार जास्त झाला तर ती एखादे पाऊल गाळते आणि पावले मोजणाऱ्या संगणकाला त्याचा पत्ता नसतो.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे पंडित. ते मुंबईला विल्सन महाविद्यालयात शिकवू लागले आणि कुटुंब मुंबईत आले. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले. नंतर ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे चित्रकलेबरोबरच छायाचित्रण, ठसे तयार करणे आणि छपाई या गोष्टी त्यांनी हाताने करून शिकल्या. पुढे गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला. प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल हिरावले आणि तो संसार तिथेच संपला. बडोद्यास परतल्यावर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो या समजुतीमुळे गिऱ्हाईक येईना. त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले आणि जादूचे प्रयोगही केले. स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव त्यांनी त्यासाठी घेतले होते. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. माहेरच्या गिरिजा करंदीकर सासरी सरस्वतीबाई झाल्या. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून मिळालेली नोकरी त्यांनी काही वर्षांतच सोडली आणि लोणावळ्यात छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईशीही त्यांचा संबंध आला. छापखाना दादरला हलला, नवा भागीदार आला आणि ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ हे नाव झाले. रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. त्यानंतर भागीदाराशी पटेनासे झाले आणि त्यांनी चालता धंदा सोडून दिला. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती आणि पदरी मुले होती.

१९११ च्या सुमारास गिरगावातील अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले, ही कथा सर्वज्ञात आहे. त्यापुढील काही महिने मात्र क्वचितच कोणाच्या डोळ्यांपुढे येतात. फाळके यांनी स्वस्तातले एक छोटे चित्रपटयंत्र आणि फिल्मचे तुकडे मिळवले आणि मेणबत्तीच्या उजेडात ते भिंतीवर चित्रे पाडून पाहू लागले. दिवसातले चार-पाच तास चित्रपटगृहांत आणि रात्र या यंत्रावर, असा त्यांचा दिनक्रम झाला. झोप नाही आणि डोळ्यांना विसावा नाही. दृष्टी अधू होत गेली आणि काही काळ त्यांना दिसेनासे झाले. नेत्रतज्ज्ञांच्या उपचारांनी ती परत आली. तरीही काम करण्यासाठी निरनिराळ्या चष्म्यांचा आधार घ्यावा लागला. ज्याला आयुष्यभर भिंगातून पाहायचे होते, त्याने भिंग हाती घेण्यापूर्वीच डोळे पणाला लावले होते.

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनचा रस्ता धरला. तिथे त्यांची ओळख कोणाशीही नव्हती. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन त्यांनी संपादक कॅबोर्न यांना गाठले. कॅबोर्न यांनी आधी त्यांना या धंद्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला आणि मग मदतही केली. त्यांच्याच ओळखीने फाळके यांना वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत प्रवेश मिळाला. ५० पौंडांचा विल्यम्सन कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून ते १ एप्रिल रोजी मुंबईस परतले. सामान आल्यावर सोबतच्या आराखड्यावरून त्यांनी ते स्वतःच जोडले.

त्या सामानातील छिद्रे पाडण्याच्या यंत्राकडे विशेष लक्ष द्यायला हवे. कच्ची फिल्म तेव्हा सपाट कडांची येई. छिद्रे आपली आपण पाडून घ्यायची. फिल्म प्रकाशसंवेदी असल्याने हे काम अंधारातच करावे लागे आणि फाळके यांच्या घरात ते सरस्वतीबाईंनी पत्करले. दिवसभर घरातल्यांचा आणि कंपनीतल्या मंडळींचा स्वयंपाक, चित्रीकरणात उजेड परतवण्यासाठी पांढरी कापडे धरून उभे राहणे आणि रात्री काळोखात फिल्मला छिद्रे पाडणे, असा त्यांचा दिवस असे. तारामतीची भूमिका त्यांनीच करावी, असे फाळके यांनी सुचवले होते. ती त्यांनी नाकारली. हा नकार समजण्यासारखा आहे.

‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट होती. एका फुटात १६ चौकटी आणि प्रत्येक चौकटीला एका कडेची चार छिद्रे. म्हणजे पडद्यावर गेलेल्या लांबीपुरत्याच ५९,२०० चौकटी आणि एका कडेला २ लाख ३६ हजार ८०० छिद्रे झाली. दोन्ही कडांची मिळून पावणेपाच लाखांच्या घरात. वाया गेलेली फिल्म निराळी. यंत्राच्या एका दाबात अनेक छिद्रे पडत असली तरी फिल्म पुढे सरकवताना केसभराचा फरक पडून चालत नसे. छिद्रांमधील अंतर चुकले की कॅमेऱ्यातील आकडा फिल्म वेडीवाकडी ओढतो आणि पडद्यावर सगळे दृश्य थरथरते. हरिश्चंद्राचे राज्य स्थिर दिसण्यासाठी अंधारातील तो हात स्थिर असावा लागत होता. याच चित्रपटासाठी सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. फाळके यांच्या चरित्रात त्यांना साहाय्यक म्हणून एखादी ओळ देण्याची प्रथा आहे. वरील आकडे पाहता ती अपुरी ठरते.

कॅमेऱ्याचे हँडल फाळके यांनी त्र्यंबक तेलंग या आपल्या मित्राच्या हाती दिले. चलच्चित्रणाचा तेलंग यांना अनुभव नव्हता. फाळके यांनी त्यांना शिकवले. ५९,२०० चौकटी म्हणजे हँडलचे ७,४०० फेरे, तेही सेकंदाला दोन या लयीत. हरिश्चंद्राची भूमिका दत्तात्रय दाबके यांनी केली, रोहिदासाची फाळके यांचे पुत्र भालचंद्र यांनी, तर तारामती झाले ते एका उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणारे अण्णा साळुंके. सुमारे सात महिन्यांनी चित्रपट पूर्ण झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावातील कोरोनेशनमध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. त्याच वर्षी फाळके यांनी आपला कारखाना नाशिकला नेला.

१९१४ मध्ये आपले तीन चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तेथील जाणकारांनी छायाचित्रणाची प्रशंसा केली. तिथेच राहून काम करण्याचे निमंत्रणही आले. ते त्यांनी स्वीकारले नाही. परतल्यावर पहिल्या महायुद्धाने पैशाच्या वाटा बंद केल्या. कर्ज देणारे मागे सरले, मोठा चित्रपट हाती घेणे अशक्य झाले. या पडत्या काळात फाळके यांनी छोट्या चित्रफितींवर दिवस काढले आणि पुन्हा त्या एकेका चौकटीकडे वळले. ‘आगकाड्यांची मौज’ ही त्यांतली एक. काड्या मांडायच्या, एक चौकट टिपायची, काड्या किंचित सरकवायच्या, पुन्हा एक चौकट. पडद्यावर काड्या आपण होऊन चालू लागतात. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये अशीच काड्यांची फीत केली होती. तिच्यामागे एक कंपनी होती. फाळके यांच्यामागे देणेकरी होते.

या सरावाचे फळ मोठ्या चित्रपटांत दिसले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. १९१८ च्या ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये कंसाला आपलेच शिर धडावेगळे होऊन तरंगताना दिसते. असे दृश्य तेव्हा कॅमेऱ्यातच घडवावे लागे. पडद्याचा एक भाग झाकून फिल्म चालवायची, मग ती अंधारात मोजून तेवढीच मागे घ्यायची आणि दुसरा भाग झाकून तीच फिल्म पुन्हा चालवायची. फेऱ्यांच्या मोजणीत चूक झाली तर शिर एकीकडे आणि भीती दुसरीकडे. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या नावाची एक फीतही फाळके यांनी केली. जादूगाराने स्वतःच आपल्या जादूचे मर्म सांगावे, असा तो प्रकार होता आणि प्रोफेसर केळफा यांना तो शोभणाराही होता.

भागीदारी मात्र त्यांना कधीच मानवली नाही. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत खर्चावरून खटके उडू लागले. फाळके कंपनी सोडून काशीला गेले. तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि काही काळाने ते परतले. नंतरच्या दशकातील बहुतेक चित्रपट त्यांच्या आधीच्या कामाच्या तोडीचे नव्हते, हे त्यांच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागते.

आणि मग १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला. बोलपटाने नट बदलले, गाणी आणली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याने हँडलही संपवले. आवाज आणि चित्र यांची सांगड राहायची तर फिल्म सेकंदाला नेमक्या २४ चौकटी या वेगाने धावली पाहिजे. कितीही तयारीचा हात ही अचूकता राखू शकत नाही. कॅमेऱ्याला विजेची मोटर लागली आणि ज्या लयीवर फाळके यांनी दोन दशके हुकूमत ठेवली होती ती यंत्राच्या ताब्यात गेली. त्यांचा ‘सेतुबंधन’ १९३२ मध्ये मूकपट म्हणून तयार झाला. त्याला नंतर आवाज जोडून तो १९३४ मध्ये पुन्हा पुढे आणावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ १९३७ मध्ये आला. तो त्यांचा पहिला बोलपट म्हणून योजलेला चित्रपट आणि शेवटचाही. त्या वेळी त्यांचे वय ६७ होते.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. नव्वदहून अधिक चित्रपट आणि पंचवीसहून अधिक लघुपट करणारा हा माणूस शेवटच्या वर्षांत चित्रपटसृष्टीच्या वर्दळीपासून दूर आणि हलाखीत होता. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला.

फाळके यांच्या चित्रपटांचे जे अवशेष राहिले, ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके यांच्या कुटुंबीयांकडून आणि इतरत्र मिळालेले तुकडे जमवण्यासाठी मोठी खटपट केली. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळे तेवढी हाती लागली, ती १९१३ ची नसून १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. त्या काळची नायट्रेटची फिल्म वर्षानुवर्षांत आकसते. ती आकसली की छिद्रांमधील अंतर बदलते आणि जुन्या दंतचक्रावर चढवताच छिद्रे फाटतात. त्यामुळे अशा फिल्मचे डिजिटल रूपांतर करणाऱ्या आधुनिक यंत्रांत दंतचक्राऐवजी संगणकाने चालवलेल्या मोटरींवर फिल्म अलगद पुढे नेली जाते आणि एकेक चौकट टिपली जाते. ‘आगकाड्यांची मौज’ आणि वाटाण्याच्या वेलाची ती मिनिटभराची फीत यांच्या प्रती मात्र आज उपलब्ध नाहीत.